पॉइंट बस झाले, पायवाट द्या

विदर्भात नाव घेण्यासारखं थंड हवेचं ठिकाण एकच आहे, आणि ते आपण गाडीच्या काचेतून बघतो. हे वाचून अमरावती-यवतमाळकडची मंडळी चिडणार, हे गृहीत धरूनच लिहितोय. चिडा, पण शेवटपर्यंत वाचून चिडा.

आम्ही यवतमाळवाले. आमच्या जिल्ह्यात डोंगर आहेत, पुसद-उमरखेडकडे घाटही आहेत, पण कड्यावर उभं राहून खाली दरी बघायची असेल तर आमच्याकडे त्याला एकच शब्द आहे: चिखलदरा. शाळेची सहल चिखलदरा. लग्नानंतरची पहिली ट्रिप चिखलदरा. पुण्याहून मित्र आले आणि "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे रे?" असं त्यांनी खवचटपणे विचारलं, की त्याचंही उत्तर चिखलदरा. एकेकाळी तर यवतमाळहून शकुंतलेत बसायचं, दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला गाडी बदलायची आणि अंजनगाववरून अचलपूरला, म्हणजे जवळजवळ डोंगराच्या पायथ्याशी, उतरायचं. एकशे नव्वद किलोमीटरच्या आसपास अंतर आणि त्याला अख्खा दिवस! १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालायची. आता शकुंतला बंद आहे, आपण नेर-बडनेरा-अमरावती-परतवाडा असं कारने जातो, आणि वाचलेला वेळ पार्किंग शोधण्यात घालवतो. असो.

तर चिखलदऱ्याला पोचल्यावर काय होतं? जीपवाला किंवा हॉटेलवाला एक यादी हातात देतो. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, मोझरी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, वगैरे. गाडीत बसा, पॉइंटवर उतरा, कठड्याला टेका, फोटो काढा, कणीस खा, गाडीत बसा, पुढचा पॉइंट. पंचबोलला हाक मारून प्रतिध्वनी मोजायचे, पाच आले की समाधान. दोन मिनिटं जास्त थांबलात तर मागून आवाज येतोच, "चाला ना भाऊ, लय पॉइंट राह्यले अजून!" संध्याकाळपर्यंत यादी संपते आणि आपण "चिखलदरा झालं" असं म्हणतो. 'झालं'! जसं काही ते तिकीट होतं आणि आपण क्लोज केलं.

आपण सॉफ्टवेअरवाले ज्या प्रकाराला दिवसभर शिव्या देतो तो हाच. चाळीस स्लाइड्स, प्रत्येकीवर पाच बुलेट पॉइंट, आणि सगळ्यांना जोडणारं वाक्य कुठेच नाही. डोंगराचं आपण पॉवर पॉइंट करून टाकलंय :)

गंमत अशी की हे सगळे पॉइंट मुळात वेगवेगळ्या जागा नाहीतच. चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतलं, अकराशे मीटरच्या आसपास उंचीचं एक पठार आहे. त्या पठाराला कड आहे. कडेवरून खाली दऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यांत धबधबे कोसळतात. देवी पॉइंटहून गाविलगडाचे अवशेष दिसतात, हरिकेनवरूनही दिसतात. एकच किल्ला आणि एकच दरी आपण दोन बाजूंनी, दोनदा गाडी पार्क करून बघतो. मधला जो भाग आहे, म्हणजे हळूहळू वळत जाणारा कडा, किल्ल्याची बदलत जाणारी बाजू, आधी आवाज येणारा आणि मग दिसणारा धबधबा, तो कोणीच बघत नाही. कारण तिथे पार्किंग नाही. भीमाने कीचकाला दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, असं सांगतात. आज तो भीम आला असता तर त्यालाही आधी नगरपरिषदेची पावती फाडावी लागली असती.

आता मुख्य भांडण. चिखलदऱ्यात पायी चालायला सलग, खुणा केलेली, कठड्यांची वाट असावी, ही मागणी कुठल्याच सरकारला कधी सुचली नाही. सुचला तो स्कायवॉक. सिडकोने हाती घेतलेला, गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामधल्या दरीवरचा, ४०७ मीटर लांबीचा झुलता पूल. वन्यजीवांसंबंधीच्या परवानग्यांत त्याचं काम मध्ये अडकून पडलं होतं, हे तुम्ही वाचलं असेलच. मला त्या अभियंत्यांबद्दल काडीचीही तक्रार नाही. एवढ्या वाऱ्यात, एवढ्या पावसात दरीवर केबल ताणणं हे खायचं काम नव्हे, टोपी काढतो. माझी तक्रार त्या प्रकल्पाच्या बातम्यांशी आहे. प्रत्येक बातमीत एकच गोष्ट: स्वित्झर्लंडचा पूल इतका, चीनचा इतका, आपला त्यापेक्षा लांब. म्हणजे मुद्दा दरीचा नाहीच, मुद्दा आकड्याचा आहे.

ऑफिसात हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. क्लायंटला दाखवायला चकचकीत डेमो लागतो. त्यासाठी बजेट मिळतं, फीत कापायला साहेब येतात. लॉगिन पेज सहा महिने अधूनमधून पडतंय, त्याला बजेट नसतं, कारण दुरुस्त झालेल्या लॉगिन पेजची फीत कोण कापणार? पायवाटेचंही तेच आहे. दिशादर्शक पाट्या, धोक्याच्या जागी मजबूत कठडे, दर पावसाळ्यानंतर दगड बाजूला काढणं, दोन स्वच्छ संडास, कचरा खाली नेणारी माणसं. ह्यातल्या एकाही गोष्टीचा फोटो पहिल्या पानावर येत नाही.

"विदर्भाला काही मिळतंय तर तुम्हा पुण्यात बसलेल्यांच्या पोटात का दुखतं?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. अनुशेष खरा आहे. मेळघाटचं नाव पेपरात कशासाठी येतं? नव्वदच्या दशकापासून कुपोषणासाठी. म्हणूनच विचारतो, पुलाचा पैसा कुणाच्या हातात जातो? तिकीटघर, पार्किंगचा ठेका, आणि वीस मिनिटांत पूल ओलांडून त्याच दिवशी परतवाड्याला उतरणारा पर्यटक. चालणारा माणूस मात्र हळू असतो. त्याला दुपारचं जेवण लागतं, रात्री मुक्काम लागतो, वाट माहीत असलेला गाइड लागतो. आणि त्या जंगलाची वाट माहीत असलेली माणसं कोण? कोरकू आणि गवळी. किल्ल्याचं नावसुद्धा गवळ्यांवरून पडलंय. ज्या पोरांना मजुरीसाठी गाव सोडावं लागतं, त्यांना स्वतःच्या डोंगरात पाटी लावण्यापासून गाइडपर्यंतचं काम देता येत असेल, तर त्याला मी विकास म्हणीन. पुलावर सिक्युरिटीची शिट्टी फुंकणं हीसुद्धा नोकरी आहे, नाही म्हणत नाही, पण ती एखाद्या मॉलमध्येही मिळते.

आणि कुणी म्हणेल, आपल्या लोकांना चालायचंच नसतं. साफ खोटं! माथेरान बघा. तिथे गाडी दस्तुरी नाक्यालाच थांबते, आत रुग्णवाहिका वगैरे सोडल्या तर मोटारगाड्यांना बंदी. २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एको पॉइंट, लुईसा पॉइंट, शार्लट लेक, सगळीकडे लोक लाल मातीतून, झाडांखालून पायी जातात. आजी-आजोबाही जातात, दमले तर घोडा करतात. तिथेही सगळं गोडीगुलाबीचं नाही. घोड्यांची लीद आहे, पेव्हर ब्लॉकवरून भांडणं आहेत, २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर आलेल्या ई-रिक्षांवरून तर गावात उभी फूट आहे. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं, ते योग्यच झालं. पण एवढ्या भांडणांनंतरही माथेरानला दरवर्षी गर्दी लोटते, आणि ती चालते. महाबळेश्वरला प्रत्येक पॉइंटपर्यंत डांबरी रस्ता आहे. मे महिन्यातल्या शनिवारी तिथे काय दिसतं? पुढच्या गाडीचा बंपर.

बाहेर बघायचं तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर साधारण हजार किलोमीटरची सलग पायवाट आहे, साउथ वेस्ट कोस्ट पाथ. तिचा बराच भाग कड्यांवरून जातो. ती कुणी पर्यटनासाठी आखली नव्हती. तस्करांवर नजर ठेवणारे तटरक्षक कड्याकडेने रोज गस्त घालायचे, त्यांच्या पायांनी ती पडली. आणि डोंगरात चालण्याच्या हक्कासाठी त्याच देशातले कामगार १९३२ मध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर, जमीनदाराची बंदी मोडून चढले, काही जण त्यासाठी तुरुंगात गेले. आपल्याला कुणी अडवलेलंसुद्धा नाही. आपण मागितलंच नाही.

वाटा आपल्याकडेही होत्याच की. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने जड तोफा डोंगरातून ओढत किल्ल्याच्या उत्तर बाजूला आणल्या. कित्येक दिवस रस्ता करत करत. बर्नार्ड कॉर्नवेलने त्या लढाईवर 'शार्प्स फोर्ट्रेस' ही अख्खी कादंबरी लिहिली. म्हणजे इंग्रजी वाचणारा कोणीतरी घरबसल्या कादंबरीतून गाविलगडाच्या तटावर चढतो, आणि अमरावतीचा माणूस दरवाजापाशी दहा मिनिटं थांबून "आत काही नाही, नुसते दगड आहेत" म्हणून गाडीत बसतो.

आता जंगलाचा आक्षेप, जो मला सगळ्यात गंभीर वाटतो. बाजूला मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. अस्वलं आहेत, बिबटे आहेत. शतकाहून जास्त काळ कुणालाच न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि नंतर तो मेळघाटातही आढळला. असल्या ठिकाणी माणसं पायी सोडायची? वाट्टेल तिथे नाहीच सोडायची. माझं म्हणणं फक्त पठाराच्या त्या कडेपुरतं आहे, जिथे आजही गाड्या, हॉर्न आणि स्पीकर पोचलेले आहेत. सकाळी उजाडल्यावर सुरू, अंधाराआधी बंद. दिवसाला ठरावीक माणसं, प्रत्येक गटाबरोबर स्थानिक गाइड, पावसाच्या धोक्याच्या दिवसांत बंद. वनखातं जिप्सीसाठी हे सगळे नियम करतंच ना? मग पायांसाठी का नाही? पाच माणसं गप्प चालत गेली तर जंगलाला जास्त त्रास, की डिझेल जीपची रांग गेली तर?

पायी फिरण्यावरून आठवलं. आमच्या जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे, पांढरकवड्याजवळ. तिथला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि शेतं, नाले, हायवे ओलांडत, तेलंगणात डोकावून, डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटर! लोकांनी त्याचं नाव ठेवलं वॉकर. आमच्याकडच्या चालणाऱ्यांत नाव काढलेला हा एकच, आणि त्यालाही कॉलर होती म्हणून कळलं. आपण मात्र मनगटावर पट्टा बांधून हिंजवडीच्या पार्किंगमध्ये दहा हजार पावलं मोजतो, आणि शनिवारी पाच तास गाडी चालवून कड्यावर गेलं की तीनशे पावलांत परत फिरतो.

पूल राहू दे. त्याच्या एका टोकाला हरिकेन पॉइंट आहे, दुसऱ्या टोकाला गोराघाट. निदान ह्या दोन टोकांना दरीच्या कडेने जोडणारी, तिकीट नसलेली एक वाट आखा. ज्याला हवेत चारशे सात मीटर जायचं त्याने पैसे भरून जावं. ज्याला जमिनीवरून जायचंय त्याला पाट्या, कठडे आणि बरोबर चालणारा एक कोरकू पोरगा द्या. पुढच्या वेळी चिखलदऱ्याला गेलात तर हॉटेलवाल्याला एवढंच विचारा, "इथून देवी पॉइंटला कड्याकडेने चालत कसं जायचं?" तो आधी तुमच्याकडे बघेल, मग जीपचा रेट सांगेल. पुन्हा विचारा.