वाइनची मांडणी घेताना
मैत्रिणींनो, नाशिकहून आणलेली वाइन पाच वर्षांनी लग्नाच्या वाढदिवसाला उघडायची म्हणताय? आधी दुकानात विचारा, ती तेवढी टिकणारी आहे का. बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत संपवायचीच असते. बुचाची बाटली आडवीच हवी. उभी ठेवली की बूच सुकतं, हवा शिरते नि चव जाते. फिरकीच्या झाकणाला ही कटकट नाही. मालाडच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, म्हणून मांडणी सागवानी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. भरलेली बाटली साधारण सव्वा किलोची, बारांचे पंधरा किलो झाले; तेव्हा भिंतीला टांगण्यापेक्षा जमिनीवरचीच बरी. गॅसजवळ, फ्रिजवर मात्र नको हं! आणि खरं सांगू? वाइनला बारा-तेरा अंशांचा गारवा लागतो. आपल्या मे महिन्यात तो कुठलीच मांडणी देत नाही. दहा वर्षांचा बेत असेल तर हे पैसे वाइनच्या छोट्या फ्रिजसाठी साठवा.