बाई, तुम्हाला रडू येत नाही का?



दर वेळी आपण इथे एखादा धडा, एखादा निबंध किंवा व्याकरणाचा घटक घेतो. आज एक प्रश्न घेऊन आले आहे. तो मला सातवीतल्या एका मुलीने विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायला मला पाच महिने लागले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टमधल्या एका रविवारी आमच्या वर्गातला एक मुलगा शेततळ्यात बुडून गेला. सोमवारी परिपाठात दोन मिनिटं मौन पाळलं. वर्गात आले, हजेरी घेतली आणि सवयीने त्याचाही नंबर पुकारला. कुणीच काही बोललं नाही. मी घाईघाईने पुढचा नंबर घेतला आणि म्हणाले, “चला, पुस्तकं काढा. क्रियाविशेषण अव्यय.” तेव्हा मागून आवाज आला, “बाई, तुम्हाला रडू येत नाही का?”

मी म्हणाले, “खाली बस.”

मधल्या सुट्टीत त्याचा बाक मी व्हरांड्यात ठेवायला लावला. मुलांना सारखी आठवण नको, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर तो बाक मलाच बघवत नव्हता.

पुढचे तीन महिने वर्ग बदलला. शांत मुलं मारामाऱ्या करू लागली. एका आईने सांगितलं, “बाई, पोरगा रात्री दचकून उठतो.” आणि मी? मी ओरडत होते. वही राहिली म्हणून, पेन पडलं म्हणून, कोणी हसलं म्हणूनसुद्धा. घरी गेल्यावर माझ्या लेकरावरही तेच. सगळे म्हणायचे, बाई फार चिडखोर झाल्यात. तो राग नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

आठ जणांचं वर्तुळ

दिवाळीनंतर एका मैत्रिणीने मला ओढतच एका गटात नेलं. तालुक्यातले आम्ही आठ शिक्षक आणि एक प्रशिक्षित समुपदेशक ताई. एक आड एक शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, वाचनालयाच्या मागच्या खोलीत दीड तास. अशा सहा बैठका ठरल्या होत्या. याला ग्रुप कोचिंग म्हणतात असं ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. कोचिंग म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात! इथे मात्र फळा नव्हता आणि कोणी कोणाला शिकवतही नव्हतं.

पहिल्याच दिवशी ताईंनी चार नियम सांगितले. इथलं बोलणं इथेच राहील. एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतील. सल्ला कोणी द्यायचा नाही. आणि ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं ‘पुढे’ म्हणायचं, कारण विचारलं जाणार नाही.

पहिल्या दोन बैठकांत मी शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहितीच्या त्रासाबद्दल बोलले. सुरक्षित विषय! तिसऱ्या बैठकीत ताईंनी विचारलं, “हे सगळं सांगताना शरीरात कुठे काय जाणवतंय?” मी म्हणाले, “घशात. काहीतरी अडकल्यासारखं.” “त्याला नाव द्यायचं झालं तर?” मी म्हणाले, दुःख. मग थोडं थांबून म्हणाले, नाही, अपराधीपणा. शुक्रवारी गृहपाठ केला नाही म्हणून मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलले होते. शनिवारी तो शाळेत आला नाही. माझं त्याच्याशी झालेलं शेवटचं बोलणं म्हणजे ते रागावणं.

खोलीत कोणीच “अहो, तुमची काय चूक?” असं म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने निवृत्तीला आलेले एक सर म्हणाले, “माझंही एका मुलाशी शेवटचं बोलणं रागातच झालं होतं. बावीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा बोलतोय.”

त्या दिवशी मी रडले. प्रश्न काही सुटला नव्हता, मुलगा परत येणार नव्हता. पण घसा मोकळा झाला. आणि सोमवारी वर्गात मी ओरडले नाही.

गटात असं काय असतं?

हा काही चमत्कार नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे तीन साध्या गोष्टी घडल्या.

पहिली, भावनेला तिचं नेमकं नाव मिळालं. मेंदूचे अभ्यासक मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेला शब्दाने नाव द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. धोका दिसला की हाच भाग आपल्याला सावध करतो. म्हणजे ‘कसंतरी होतंय’ यापेक्षा ‘मला अपराधी वाटतंय’ हे वाक्य मनाला जास्त आधार देतं.

दुसरी, ‘हे फक्त माझंच’ हा समज गेला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी गट-उपचारांवरच्या १९७० च्या आपल्या ग्रंथात हा अनुभव गटातून मिळणाऱ्या महत्त्वाच्या मदतींपैकी एक मानला आहे. मला तो ग्रंथातून कळला नाही, त्या सरांच्या दोन वाक्यांतून कळला.

तिसरी, सल्ला मिळाला नाही. हे वाचायला विचित्र वाटेल. पण आपण शिक्षक आणि पालक सल्ला देण्यात इतके तरबेज असतो की समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत आपलं उत्तर तयार असतं. सल्ला आला की बोलणारा गप्प होतो. ‘विसर आता’, ‘मन घट्ट कर’, ‘देवाची मर्जी’ ही वाक्यं आपण प्रेमानेच बोलतो, पण ती समोरचं दार बंद करतात.

आपल्याकडे हे अगदी नवं आहे असंही नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बायका सासुरवास, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू हे सगळं ओव्यांतून सांगत होत्या आणि जात्याच्या खुंट्याला हात लावलेली दुसरी बाई ऐकत होती. घरात कोणी गेलं की शेजारी कडू घास घेऊन येतात, नुसते बसून राहतात. जातं गेलं, बसून राहण्याची सवडही कमी झाली. त्या जागी आपण काही ठेवलं का?

माझं मत

हल्ली सगळे म्हणतात की मुलांना व्यक्त होऊ द्या. बरोबरच आहे. पण स्वतःच्या भावना गिळून बसलेला मोठा माणूस मुलांच्या भावना ऐकू शकत नाही. मी ऐकू शकले नाही, माझ्या तोंडून ‘खाली बस’ आलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की असं वर्तुळ आधी मोठ्यांचं हवं.

लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकल बालिंट आणि एनिड बालिंट यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. रुग्णांशी वागताना आपल्या मनात काय होतं, हे डॉक्टर तिथे एकमेकांना सांगत. असे गट आजही अनेक देशांत चालतात. रोज तीस-चाळीस मुलांच्या घरची दुःखं वर्गात सांभाळणाऱ्या शिक्षकाला अशी जागा का नसावी?

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत.

“वेळ कुठे आहे?” पंधरा दिवसांतून दीड तास. चिडून वाया गेलेले तास मोजले तर हे फार नाहीत.

“शिक्षण परिषदेतच घेऊ की.” नको. तिथे अधिकारी असतात, इतिवृत्त लिहिलं जातं. जिथे आपला वरिष्ठ बसला आहे तिथे माणूस पोषण आहाराच्या नोंदींबद्दलच बोलतो. मुख्याध्यापकांचा गट वेगळा असावा.

“गावभर होईल.” ही भीती खरी आहे, आणि लहान गावात तर फारच खरी. म्हणून शक्यतो एकाच शाळेतले सगळे एका गटात नसावेत, आणि गोपनीयतेचा नियम दर वेळी पुन्हा म्हणावा. व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे हा गट नव्हे, हेही लक्षात असू द्या.

“आपणच चार जण जमलो तर?” जमा जरूर. पण जखम उघडली तर ती सांभाळणारं प्रशिक्षित माणूस हवं. गट हा उपचारांना पर्याय नाही. कोणी जगणं नकोसं झाल्याचं बोललं, झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं, तर तज्ज्ञांकडे जायचंच. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मुलांसाठी १०९८ आहे.

आणि मग वर्ग

जानेवारीत मी मुलांना सांगितलं, “व्हरांड्यातला बाक आत आणू या.” चौघांनी तो उचलून आणला. आम्ही जमिनीवर गोल बसलो. नियम तेच चार. सुरुवात मी केली. “मला त्याची आठवण येते. आणि मी त्याला रागावले होते, त्याचं मला वाईट वाटतं.”

अर्धा तास मुलं बोलली. एक म्हणाला, त्याची गोटी माझ्याकडेच राहिली. एकजण म्हणाला, मी पण पोहायला जाणार होतो. काहींनी ‘पुढे’ म्हटलं. चालतं.

तेव्हापासून दर सोमवारी परिपाठानंतर दहा मिनिटं आम्ही ‘आज मन कसं आहे?’ घ्यायला लागलो. अट एकच होती, ‘छान’ आणि ‘बरं’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. मग मुलांनी घरून शब्द आणले. हुरहुर, धास्ती, खंत, हिरमोड, घुसमट, ओशाळल्यासारखं. मराठीचा तास याहून चांगला तो कोणता? पालकहो, रात्री जेवताना तुम्हीही हे करून बघा. फक्त आधी स्वतःचं सांगा, आणि मुलाने सांगितल्यावर लगेच उपाय सुचवू नका.

त्या मुलीला मी त्याच दिवशी, वर्तुळ सुटताना उत्तर दिलं. “येतं गं. तेव्हाही येत होतं.”

ती म्हणाली, “मग रडायचं ना, बाई. आम्ही होतो की.”

तुमच्या शाळेत, तुमच्या घरी असा एखादा बाक व्हरांड्यात पडून आहे का? एकट्याने उचलू नका. चार माणसं बोलवा.