गिअरचा दिवा आणि ओले धान्य

वालूरच्या एका वाचक भावाने विचारले आहे: सेलूला जाताना डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागतो, गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, बंद करून पुन्हा चालू केली की दिवा जातो. गाडी जुनी, ऑटो गिअरची. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल, मेहुणे म्हणतात विकून टाका.

2014 साली सेलेरिओबरोबर ऑटो गिअर स्वस्त गाड्यांत आला. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, खेड्यापाड्यांत आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दिवा लागला म्हणजे गिअरबॉक्स गेला असे आम्ही मानत नाही. गिअरबॉक्सवरचे सेन्सर आतल्या फिरण्याचा वेग कॉम्प्युटरला कळवतात. निरोप तुटला की कॉम्प्युटर सावध होऊन गिअर बदलणे आवरते घेतो. निरोप तुटायला सेन्सरच बिघडावा लागतो असे नाही. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल खालच्या कनेक्टरमध्ये शिरतो, आणि उभ्या गाडीतल्या वायरी उंदीर कुरतडतात.

आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहा. मग गिअरबॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. साधे स्कॅनर फक्त इंजिनचे वाचतात. पी 0700 आला तर गिअरबॉक्सची तक्रार आहे एवढेच कळते. पी 0715 आत येणाऱ्या वेगाच्या सेन्सरचा, पी 0720 बाहेर जाणाऱ्या. पुसण्याआधी कोड कागदावर लिहा. नंतर कनेक्टर, वायर, आणि शेवटी सेन्सर. दोन तारांचा असेल तर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजता येतो. तीन तारांचा असेल तर त्याला वीज पोहोचते का ते आधी पाहावे. चुंबकी सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, तो पुसला तरी कधी काम भागते. कपचे निघाले तर मात्र मेकॅनिकचे खरे. या गाड्यांत क्लच असतोच, फक्त त्याचे पेडल नसते. तो झिजला तरी गिअर अडतो.

तोवर रात्री बायकामुलांना घेऊन परभणीला निघू नका.

राहिला विकण्याचा प्रश्न. कोड पुसून दुसऱ्या दिवशी गाडी विकणारे आहेत, दिव्याची जोडणी तोडणारेही आहेत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. पुसलेला कोड म्हणजे तेच खाली दडवलेले ओले धान्य. विकायचीच असेल तर स्कॅनचा कागद गाडीबरोबर द्या आणि भाव त्यावर ठरवा.

घेणाऱ्यांनीही चावी फिरवून, इंजिन चालू करण्याआधी दिवे पाहावेत. बहुतेक गाड्यांत सगळे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात. गिअरचा लागलाच नाही, तर का ते तिथेच विचारा.