अमृता कोणती?

बँकेतल्या नोकरीत एक धडा पहिल्याच महिन्यात मिळतो. एकाच नावाचे दोन खातेदार असू शकतात, तेव्हा नुसते नाव पाहून पैसे द्यायचे नसतात. खाते क्रमांक पाहायचा, सही ताडायची आणि मगच रक्कम मोजायची. वनौषधींच्या बाबतीत मात्र आपण नुसत्या नावावर विसंबून स्वतःची प्रकृती परक्याच्या हाती सोपवतो.

संस्कृत नावे मोठी रसाळ, यात शंका नाही. गुळवेलीचेच पाहा. तोडली तरी पुन्हा फुटते म्हणून ती ‘छिन्नरुहा’. खोड आडवे कापले की चाकासारखी नक्षी दिसते म्हणून ‘चक्रलक्षणिका’. नाव कसले, निरीक्षणाची नोंदच ती! पण तिला ‘अमृता’ही म्हणतात, आणि अमृता हे नाव हिरड्यालाही आहे, आवळ्यालाही आहे.

उलट, प्रांत बदलला की त्याच नावाखाली वनस्पती बदलते. केरळात शंखपुष्पी म्हणजे आपली गोकर्ण. उत्तरेत जमिनीलगत पसरणारे वेगळेच झुडूप. रास्ना म्हणून केरळात आल्याच्या कुळातले कंद मिळतात, तर बंगालात झाडावर वाढणारे ऑर्किड. ब्राह्मी म्हणून तर अनेक ठिकाणी सर्रास मंडूकपर्णी विकली जाते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. चिनी नावांतल्या सारखेपणामुळे बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात भलतीच वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ मध्ये ते उघडकीला आले. आपल्याकडे २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की, ती ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’च होती की तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’, हे आधी तपासायला हवे होते. वादात कोण बरोबर, हे तज्ज्ञ ठरवोत. पण पोटात काय गेले, हा प्रश्न औषध घेतल्यानंतर पडावा, हेच मुळी विपरीत आहे.

‘आमच्या पूर्वजांचे कुठे अडले?’ असे कोणी विचारील. पूर्वज सावध होते. नुसत्या नावाने वा रूपाने औषधी कळत नाही, हे चरकसंहितेनेच बजावले आहे. रानातल्या औषधींची नावे आणि रूपे गुराखी, शेळ्या राखणारे जाणतात, असेही तिथे म्हटले आहे. वैद्य तेव्हा रान ओळखणाऱ्याच्या सोबतीने पाला निवडत असे. आज रान आणि रुग्ण यांच्यामध्ये गोळा करणारा, अडत्या, ठोक व्यापारी आणि कारखानदार अशी साखळी उभी आहे, आणि आपल्या हाती येते ते ओळख पुसलेले चूर्ण.

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात संस्कृत नावाशेजारी शास्त्रीय नाव दिलेले असते. तेच काष्ठौषधींच्या प्रत्येक पुडीवर, देवनागरीत, का असू नये? संस्कृत नाव टाकून द्या असे मी म्हणत नाही. त्यात पिढ्यांचे पाहणे साठले आहे. पण खातेदाराच्या नावाशेजारी खाते क्रमांकही हवा. पुढच्या वेळी पुडी घेताना दुकानदाराला एवढेच विचारा, ‘ही नेमकी कोणती?’ उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.