विम्याचा कागद घेण्याआधी

रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा लागू होतो. मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगाराचा पाऊण टक्का कापला जातो. त्यात साध्या तापाचे औषधही येते आणि आजारपणात बुडालेल्या पगाराची बरीचशी भरपाईही. कुंपणाच्या अलीकडे ज्वारी-कपाशी पिकवणाऱ्याला मालक नाही. त्याने हप्ता भरायचा तो मिळेल त्या भावातून.

म्हणून खासगी पॉलिसीवाला दारात आला की आधी हिशेब मांडावा. हप्ता दरसाल, वयाबरोबर चढणारा. पाऊस हुकला, हप्ता हुकला, पॉलिसी बंद! शिवाय आधीपासून साखर किंवा रक्तदाब असेल तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेला हप्ता नाही. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पांढरे कार्डवाले बाहेर होते. २०२३ च्या शासन निर्णयाने सगळे कार्डवाले आत आले, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांची मर्यादा ठरली. पण यादीतलाच आजार, यादीतलेच रुग्णालय. रोजच्या गोळ्या, पुण्याची खेप आणि पडलेला रोज आपल्याच खिशातून.

आमचे मत असे, की घरात दुधाचा किंवा नोकरीचा बारमाही पैसा नसेल तर उसनवारी करून खासगी पॉलिसी घेऊ नये. सरकारी कार्ड आधी काढावे. शिरूर-दौंडकडची कोणती रुग्णालये यादीत आहेत ते धडधाकट असतानाच १५५३८८ वर विचारून ठेवावे. आणि कामगाराला जे मिळते ते कोरडवाहू शेतकऱ्याला का नाही, हे आम्ही जिल्हा बैठकीत विचारणार आहोत.