पाहुणा येतो द्राक्षबागेत, पैसा राहतो कुणाकडे? गिरगावची खोताची वाडी काय शिकवते

मुंबई ते नाशिक रस्ता आता आणखी जवळचा झालाय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला. 2027 चा सिंहस्थ समोर आहे. काढणीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्च, शनिवार-रविवारी दादर, परळ, गिरगावकडून आलेल्या गाड्या गंगापूर, दिंडोरीकडच्या वायनरींच्या दारात उभ्या दिसतात. ही गर्दी पुढे वाढणारच आहे. प्रश्न एवढाच, की हा पाहुणा जो पैसा खर्च करतो, त्यातला गावात किती राहतो?

याचं उत्तर शोधायला आपण थोडं उलट्या दिशेने जाऊ. जुनी जागा, घरचं जेवण आणि यजमानाचा जिव्हाळा शोधत मुंबईचा माणूस आपल्याकडे येतो. हे सगळं त्याच्या शहरातही होतं, थोडंफार अजून आहे. ते कुठे टिकलं आणि कुठे बुडालं, हे पाहिलं तर आपल्या तालुक्यांना बरंच शिकता येईल.

पाहुणा नेमकं काय विकत घेतो?

750 मिलीलीटरच्या एका बाटलीला साधारण किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात. शेतकऱ्याला भाव मिळतो तो किलोवर, द्राक्षातली साखर तपासून. पण वायनरीत आलेला पाहुणा बाटलीशिवाय इतर गोष्टींसाठीही पैसे मोजतो. बाग फिरून दाखवणं, चार प्रकारची वाईन चाखायला देणं, दुपारचं जेवण, रात्रीचा मुक्काम, सगळ्याचं वेगळं बिल.

हे गणित नाशिकमध्ये सर्वांत आधी ओळखलं ते सुलाने. कॅलिफोर्नियाहून परतलेल्या राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर ही वायनरी उभी केली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव पडलं. पहिली वाईन 2000 साली बाजारात आली आणि 2005 साली चाखण्याची खोली सुरू झाली. पुढे हॉटेल, मुक्कामाच्या खोल्या, संगीताचा उत्सव असं एकेक वाढत गेलं. आज पर्यटन हा या कंपनीचा स्वतंत्र धंदा आहे. त्यामुळे जिल्ह्यात रोजगार आला, नाशिकचं नावही झालं, हे नाकारायचं कारण नाही.

पण करारावर द्राक्षं देणारा बागायतदार या दुसऱ्या कमाईत कुठे आहे? त्याचा हिशेब वजनकाट्यावर संपतो. पाहुणा ज्या बागेचं कौतुक करतो, ती पिकवणाऱ्याच्या घरी तो चहालाही जात नाही.

गिरगावात काय घडलं?

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळ गिरगावात खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून तिला हे नाव मिळालं. अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, कौलारू छपरं, पुढे ओटी आणि बाहेरून चढणारा जिना. भोवती उंच इमारती, मध्ये हे गाव. इथे हिंदू कुटुंबं आहेत, तसे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकही आहेत. नाव इंग्रजी असलं तरी हे मुंबई-वसईचे मूळ रहिवासी आणि त्यांची घरची बोली मराठीच. 1887 साली त्यांनी आपल्या समाजासाठी हे नाव घेतलं.

यांच्या स्वयंपाकघराची खूण म्हणजे बॉटल मसाला. उन्हाळ्यात मिरच्या आणि मसाले भाजायचे, कुटायचे आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायचे. नाताळात घरच्या घरी द्राक्षाची वाईन करायची पद्धतही या समाजात जुनी. म्हणजे वाईन, जेवण, जुनं घर, पाहुणचार, सगळं एकाच दारात. आज लोक मार्गदर्शकासोबत ही वाडी पायी फिरून बघतात. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी तर आपल्या जुन्या घरात पाहुण्यांना मुक्कामालाही ठेवलं.

एवढं सगळं असून वाडी टिकली का? पूर्वी इथे सुमारे 65 घरं होती असं सांगतात. आता निम्मीही उरलेली नाहीत. मुंबईत वारसा जतनाचे नियम 1995 पासून आहेत, तरी घरं पडत गेली.

कारणं आपल्याला अनोळखी नाहीत. एका घराचे वारस दहा, त्यातले काही परदेशात. लाकूड आणि कौलं बदलायचा खर्च मोठा. भाडेकरू जुना आणि भाडं कायद्याने गोठलेलं. त्यात बिल्डर मोठा आकडा घेऊन दारात. वाडी बघायला येणारे फोटो काढून जात होते, कौतुक करत होते, पण त्या कौतुकातून कौलं बदलायचा पैसा घरमालकाच्या हाती येत नव्हता. नामांकित ‘अनंताश्रम’ खानावळ याच वाडीत होती. तिथलं माशाचं जेवण अजून लोकांच्या तोंडी आहे, खानावळ मात्र बंद झाली.

आता गिरगावात मेट्रोचं स्टेशनही झालं. ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो धावते आहे. येणाऱ्यांची सोय झाली, पण जागेचा भावही चढला. रस्ता जवळ आला की पाहुणा येतो आणि जमीन घेणाराही येतो. इगतपुरी, त्र्यंबक, दिंडोरीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

लालबाग-परळचा दुसरा धडा

गिरणगावात पाहुणचाराची वेगळीच तऱ्हा होती. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवायचे. ही खानावळ म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या बाईचं स्वयंपाकघर. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं. राबायची ती, कमाई मात्र दुसऱ्याची.

1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गट केला म्हणून बँकेने दारात उभं केलं आणि कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर मिळालं.

मग 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. जेवणारा कामगारच गेल्यावर खानावळ चालणार कशी? बचत गटांनी यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गट असेल तर पत मिळते. आणि एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर सगळा धंदा टाकला तर ते गेल्यावर चूल थंड होते.

वाईनच्या बाबतीतही हे घडून गेलंय

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचं इंडेज हे महाराष्ट्रातल्या वाईनचं जुनं घराणं. 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्राच्या मदतीने इथे फेसाळती वाईन तयार झाली आणि परदेशात गेली. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूर आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाईन पार्क उभे राहिले. अनेकांनी खाण्याच्या द्राक्षाऐवजी वाईनच्या जाती लावल्या. 2008 नंतर मंदी आली, वायनरींनी खरेदी आखडली, इंडेज कर्जात बुडालं. वाईनची द्राक्षं बाजार समितीत नेऊन विकता येत नाहीत. खाणारा ती घेत नाही. शेवटी नाशिक जिल्ह्यात कित्येकांनी बागेवर कुऱ्हाड चालवली.

म्हणून ‘वाईन पर्यटन आलं, आता गावाचं भलं झालं’ असं म्हणणं घाईचं आहे. आणि ‘वाईन म्हणजे दारू, नकोच’ म्हणून पाठ फिरवली तरी प्रश्न सुटत नाही. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्यभर हाच वाद पेटला होता. ज्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या गावाचा मान ठेवलाच पाहिजे. पण पाहुणचार करायला वाईन लागतेच असं नाही. मळ्यातली न्याहारी, चुलीवरची भाकरी, बेदाण्याचं शेड, काढणीचा दिवस, हेही पाहुण्याला हवंच असतं.

आपल्या हातात काय आहे?

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी करून शेतकरी आपल्या शेतावर केंद्र चालवू शकतो. बारामतीजवळ पळशीवाडीत 2005 सालापासून असं केंद्र चालवून दाखवलेलं आहे. घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या तर पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: घरी वाईन करून पाहुण्याला विकता येत नाही. त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

वायनरीशी करार करताना किलोच्या भावावर थांबू नका. किती वर्षं खरेदी करणार, नाही केली तर भरपाई काय, पैसे किती दिवसांत, हे कागदावर घ्या. कंपनीच्या पाहुण्यांना आपल्या बागेत आणणार असाल तर त्याचा मोबदला वेगळा मागा. जेवणाचं काम, भाजी, दूध गावातल्या गटाकडून घ्यावं, अशी अट ग्रामपंचायतीने परवानगी देण्याच्या बोलणीत मांडायला हरकत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, सातबारा. खोताच्या वाडीत घराला नाव होतं, वारसा होता, चविष्ट जेवण होतं. वारसांचं एकमत नव्हतं आणि घर सांभाळायला पैसा नव्हता, तिथे घर गेलं. आपल्याकडे रस्त्यालगतची दोन एकर एकदा विकली की त्या जागेवर रिसॉर्ट होतं आणि आपलीच पोरं तिथे वाढपी म्हणून जातात. विकण्याऐवजी भाड्याने देता येईल का, भागीदारी करता येईल का, घरातल्या बहिणींसह सगळ्या वारसांनी एकत्र बसून आधी ठरवलेलं बरं.

पुढच्या ग्रामसभेत सिंहस्थाच्या रस्त्यांचा आणि गर्दीचा विषय निघेलच. त्याच बैठकीत हेही विचारा: आपल्या शिवारात येणारा पाहुणा जेवतो कुणाकडे, झोपतो कुणाकडे आणि पावती कुणाच्या नावाची फाडतो?