मॅच ८० मिनिटांची, प्लॅन घरी पोचेपर्यंतचा

‘तिकीट मिळालंय!!!’ असा मेसेज ग्रुपवर पडतो आणि पुढचा तासभर नुसता धुरळा उडतो. जर्सी कोणाकडे आहे, फोटो कुठे काढायचे, मॅचच्या आधी खायचं कुठे, सगळं फटाफट ठरतं. ठरत नाही ती एकच गोष्ट. मॅच संपल्यावर घरी कसं यायचं? ग्रुपमधलं कुणीतरी एक हा प्रश्न हमखास विचारतं आणि त्याला हमखास उत्तर मिळतं, ‘काकू, चिल! तेव्हाचं तेव्हा बघू.’

आज आम्ही त्या ‘काकूं’च्या बाजूने बोलणार आहोत. आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत रग्बीचं.

क्रिकेट सोडून रग्बीच का? कारण क्रिकेटच्या गर्दीची आपल्याला इतकी सवय झालीय की तिच्यातलं काय चुकतंय हे दिसेनासं झालंय. रग्बीच्या स्टेडियममध्ये आपण नवखे असतो, त्यामुळे डोळे उघडे ठेवून जातो. शिवाय दरवर्षी आपल्यातले कितीतरी जण मास्टर्सला यूकेत जातात. सप्टेंबरात पोचतात, थंडीत कसेबसे रुळतात आणि फेब्रुवारी उजाडला की आजूबाजूला एकच विषय ऐकू येतो, सिक्स नेशन्स! इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली या सहा देशांची ही स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये चालते. तिच्यातल्या इंग्लंड-स्कॉटलंड मॅचच्या विजेत्याला जो ‘कलकत्ता कप’ मिळतो, तो तर आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे. १८७०च्या दशकात कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा खात्यातले रुपये वितळवून तो घडवला गेला. तेव्हा क्लासमधल्या कुणी ‘येणार का मॅचला?’ विचारलं तर खुशाल ‘हो’ म्हणा. नियम तिथे गेल्यावरही कळतील.

समजा, मॅच वेल्सची राजधानी कार्डिफमध्ये आहे. तिथलं प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम १९९९ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव मिलेनियम स्टेडियम होतं. त्याच वर्षी रग्बी वर्ल्ड कपची फायनल तिथे झाली. छप्पर सरकवून बंद करता येतं, म्हणजे बाहेर पाऊस आणि आत मॅच! आत माणसं मावतात ७४ हजारांच्या आसपास. आता हा आकडा शहराच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. कार्डिफची लोकसंख्या साडेतीन लाखांहून थोडीशीच जास्त. म्हणजे मॅचच्या दिवशी शहराच्या एक पंचमांश इतकी माणसं एकाच इमारतीत असतात आणि साधारण एकाच वेळी बाहेर पडतात.

आणि ही इमारत शहराबाहेर कुठे माळावर नाही. एका बाजूला टॅफ नदी, दुसऱ्या बाजूला वेस्टगेट स्ट्रीट, आणि कार्डिफ सेंट्रल स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर. आपल्या वानखेडे-चर्चगेटसारखंच. फक्त स्टेडियम वानखेडेच्या दुपटीहून मोठं आणि शहर मुंबईच्या मानाने चिमुकलं. म्हणून मॅचच्या दिवशी तिथले मधले रस्ते गाड्यांसाठी बंद होतात आणि शहरभर फक्त चालणारी माणसं दिसतात. लाल जर्सी, डोक्यावर डॅफोडिलच्या फुलाची टोपी, गल्लीगल्लीत गाणी. भारी वातावरण असतं. पण त्या वातावरणातून रात्री आपल्या खोलीवर सुखरूप पोचायचं असेल, तर प्लॅन उलटा करायला लागतो. शेवटापासून सुरुवातीकडे.

पहिला हिशेब वेळेचा. रग्बीची मॅच ४० मिनिटांचे दोन भाग मिळून ८० मिनिटांची. पण कुणाला लागलं किंवा पंचांनी व्हिडिओ तपासला की घड्याळ थांबतं, मध्ये १५ मिनिटांची सुट्टी असते. हातात धरा जवळजवळ दोन तास. शुक्रवारी रात्री आठची मॅच असेल, तर संपायला दहा वाजतात. त्यानंतर स्टेशनवर थेट आत शिरता येत नाही. बाहेरच्या चौकात जायच्या दिशेप्रमाणे वेगवेगळ्या रांगा लावलेल्या असतात. तुमची रांग कुठली हे फलकावर लिहिलेलं असतं आणि ती मुंगीच्या पावलाने सरकते. तासभर उभं राहावं लागलं तर त्यात नवल नाही. आता शेवटच्या ट्रेनची वेळ बघा. जमतंय का गणित? नसेल जमत, तर हे आज कळलेलं बरं, की रात्री अकराला फलाटावर?

दुसरा हिशेब तिकिटाचा. मॅचच्या नव्हे, ट्रेनच्या. यूकेत ‘ॲडव्हान्स’ तिकीट स्वस्त पडतं खरं, पण ते त्या एकाच ठरलेल्या ट्रेनला चालतं. रांगेत अडकून ट्रेन चुकली की तिकीट वाया. म्हणून जाताना ॲडव्हान्स घ्या, येताना मात्र थोडे जास्त पैसे मोजून कुठल्याही ट्रेनला चालेल असं तिकीट घ्या. १६ ते २५ वयाचं रेलकार्ड काढलं तर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, त्यात हा फरक बराचसा भरून निघतो. पूर्णवेळ शिकत असाल तर पंचविशीनंतरही ते काढता येतं. कार्डिफमध्ये राहायचं म्हटलं तर त्या वीकेंडला खोल्यांचे भाव आकाशाला भिडलेले असतात. शेजारच्या न्यूपोर्टला किंवा थोडं लांब ब्रिस्टलला बघा. पण तिथे जायलाही तीच रांग आहे, हे विसरू नका.

तिसरा हिशेब फोनचा. मॅचचं तिकीट फोनमध्ये, ट्रेनचं फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, मित्र फोनमध्ये. आणि फोनची बॅटरी सात टक्के! त्यात हजारो लोक एकदम व्हिडिओ पाठवायला लागले की नेटवर्क रडतं. पॉवर बँक घ्याच, पण एक फ्लॅटमेटचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. ‘स्टेडियमच्या बाहेर’ ही जागा नव्हे. ‘कार्डिफ कॅसलचा मुख्य दरवाजा, मॅच संपल्यावर अर्ध्या तासाने’ ही जागा.

बाकीचं सोपं आहे. ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, त्यामुळे लायब्ररीतून थेट लॅपटॉपची सॅक घेऊन जाल तर गेटवर पंचाईत. तिकीट अधिकृत विक्रीतूनच घ्या. रस्त्यावर कुणी ‘भावा, शेवटचं आहे’ म्हणून विकत असेल, तर ते गेटवर चालेलच याची खात्री नाही. आणि तासभर आधी पोचा, कारण मॅचआधीचं गाणं चुकवलंत तर अर्धी मॅच चुकवलीत. लाखभर गाडे मागे टाकेल असा इंग्रजीचा शेजार असूनही आपली वेल्श भाषा जपणारे हे लोक राष्ट्रगीत वेल्शमध्ये गातात. अख्खं स्टेडियम एका सुरात. मराठी माणसाच्या पोटात काहीतरी हलतंच.

आणखी एक. फुटबॉलसारखं इथे दोन संघांच्या पाठीराख्यांना वेगवेगळ्या भागांत बसवत नाहीत. तुमच्या डावीकडे लाल जर्सीवाले आजोबा आणि उजवीकडे इंग्लंडच्या पांढऱ्या जर्सीतली मुलगी असू शकते. चिडवाचिडवी होते, मारामारी सहसा नाही. मात्र फुटबॉलला मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिण्यावर तिथे कायद्याने बंदी आहे, ती रग्बीला नाही. लोक बिअर घेऊनच बसतात. म्हणजे संध्याकाळी रस्त्यावरची गर्दी आनंदी असते, तशी ‘टाइट’ही असते. मग ग्रुपमधलं निदान एक जण पूर्ण शुद्धीत असलं पाहिजे. कोण, ते आधी ठरवा.

इथपर्यंत वाचून कुणीतरी म्हणणार, ‘सोडा हो, त्यांच्या रक्तातच शिस्त आहे. आपल्याकडे कुठे जमतंय?’

साफ चूक. रक्तात नव्हती. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये फुटबॉलची मॅच संपली, लोक बाहेर पडायला लागले आणि एका जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. ६६ जण गेले. मॅच बघताना नव्हे, घरी परतताना! त्यानंतर चौकशी झाली आणि १९७५ मध्ये खेळाच्या मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा आला. मोठ्या स्टेडियमला स्थानिक प्रशासनाकडून सुरक्षेचं प्रमाणपत्र घेणं भाग पडलं. तरीही १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरोमध्ये चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यात ९७ जणांचा जीव गेला. मग नियम आणखी कडक झाले. रग्बीच्या स्टेडियमलाही तोच १९७५चा कायदा लागू आहे. आज कार्डिफ स्टेशनबाहेरची रांग बघून आपण ‘वा, काय शिस्त!’ म्हणतो, तिच्यामागे इतकी माणसं गमावल्यावर शिकलेला धडा आहे.

आपण तो धडा शिकलोय का? ४ जून २०२५ आठवा. बंगळूरूचा संघ आयपीएल जिंकला म्हणून चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर लोटलेल्या गर्दीत ११ जण चेंगरून मेले. त्यातले बहुतेक तरुण होते. तुमच्याआमच्या वयाचे. घरातून ‘जाऊन येतो’ म्हणून निघालेले. त्यांनी प्लॅन केला नव्हता म्हणून ते गेले, असं म्हणणं हा निर्दयपणा ठरेल. लाखोंच्या गर्दीपुढे एकट्यादुकट्याचा प्लॅन किती पुरणार? कुठल्या गेटने आत जायचं, आत किती जणांना सोडणार, जागा भरली की बाकीच्यांनी काय करायचं, हे सांगणं आयोजकांचं आणि प्रशासनाचं काम असतं.

म्हणूनच ‘काकूं’चा प्रश्न दोघांना विचारायला हवा. स्वतःला आणि आयोजकांनाही. आपण तिकिटाचे पैसे भरतो तेव्हा फक्त खुर्चीचे भरत नाही. आत शिरण्याचे आणि धड बाहेर पडण्याचेही भरतो. मग मॅचच्या आठवडाभर आधी आपल्याला कळायला नको का, की आपलं गेट कुठलं, जवळचं स्टेशन कुठलं, मॅच संपल्यावर जादा लोकल किंवा मेट्रो आहे का, पाणी आत नेता येईल का, मुलींसाठी मदतीचा माणूस कुठे उभा असेल? ही माहिती तिकिटासोबत आली पाहिजे. नाही आली तर विचारा. मेलवर विचारा, सोशल मीडियावर विचारा, सगळ्यांनी मिळून विचारा. जर्सीच्या रंगावरून आपण आयोजकांना ट्रोल करतो, मग गेटच्या नकाशावरून का नाही?

मुलींना या प्रश्नाची किंमत वेगळी सांगायला नको. ‘परत कशी येणार?’ या एका प्रश्नावर किती जणींची मॅच हुकली असेल! घरच्यांशी भांडून उपयोग होत नाही. पण ट्रेनची वेळ, सोबत कोण, भेटायची जागा, शेवटचा पर्याय असं सगळं समोर ठेवलं, तर नाही म्हणणाऱ्या आईबाबांकडची कारणं संपतात. ज्याला आपण बोअरिंग प्लॅनिंग म्हणतो, तेच कित्येकींसाठी स्टेडियमचं खरं तिकीट असतं.

आणि यासाठी कार्डिफला जायची वाट बघायला नको. जून २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीग आपल्या अंधेरीतच झाली, शहाजीराजे क्रीडा संकुलात. आझादनगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं. जून म्हणजे मुंबईचा पाऊस, अंधेरीचं ट्रॅफिक आणि लोकलची गर्दी. प्रॅक्टिसला याहून चांगली जागा जगात नाही. पुढची मॅच क्रिकेटची असो, कबड्डीची असो नाहीतर रग्बीची, प्लॅनची सुरुवात घरी पोचण्यापासून करून बघा.

आणि हो, ग्रुपवर पुन्हा कुणी ‘परत कसं यायचं?’ असं विचारलं, तर त्याला ‘काकू’ म्हणू नका. ॲडमिन करा.